गजाला आम्ही लग्नाला नेलं

"हे तुम्हाला खरं वाटणार नाही," मी आवटीबाईंना म्हणालो. "आजवर एकाही माणसाला वाटलेलं नाही. पेणमध्ये तर मी ही गोष्ट सांगायचीच सोडून दिली."

"पेणमध्ये सांगून उपयोगच नाही," गजा म्हणाला आणि त्यानं बाईंच्या डब्यातला आणखी मूठभर चिवडा घेतला.

बार्सेलोनाच्या विमानतळावर आमचं विमान चार तास उशिरा सुटणार होतं. आवटीबाई मिरजेच्या. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, आता एका सहलीबरोबर युरोप बघून परत निघालेल्या. त्यांची बाकीची मंडळी बॅगांवर माना टाकून झोपली होती. आम्ही दोघं म्हातारे मराठीत भांडताना त्यांना ऐकू आलो, तशा त्या सरळ डबा घेऊन समोर येऊन बसल्या. मी नारायण ठाकूर, एसटीत कंडक्टर होतो, हा गजानन म्हात्रे, गणपतीचा मूर्तिकार, एवढी ओळख झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग या वयात इकडे कसे?"

झालं. मला तेवढं पुरतं.

"अठरा वर्षांपूर्वी," मी म्हणालो, "या गजाच्या मुलीनं इकडच्या मुलाशी लग्न ठरवलं आणि हा बाप लग्नाला यायला तयार नव्हता. याला रविवारी दुपारी बाराच्या आत मांडवात उभा करायचं काम माझ्यावर आणि हमीदवर आलं. हातात पाच दिवस. त्या पाच दिवसांत यानं काय काय केलं ते ऐका."

"फार हट्टी माणूस होता तो," गजा म्हणाला.

"तो?" बाईंनी विचारलं.

"मी, मी," गजा म्हणाला. "मी हट्टी होतो."

तर हमीद मुकादम हा आमचा तिसरा. तीस वर्षं बोटीवर इंजीन सांभाळलेला, जगातल्या प्रत्येक बंदरात चहा प्यालेला. स्पॅनिशमधल्या शिव्या त्याला सगळ्या येत होत्या आणि बाकीची भाषा पोटापुरती. त्याच्याकडे तिकडे चालणारं लायसन होतं, म्हणून गाडी त्याची. वृषालीनं, म्हणजे नवऱ्या मुलीनं, त्यालाच फोन केला होता. "काका, बाबांना आणा. ते माझा फोन घेत नाहीत. टाऊन हॉलमध्ये बाराची वेळ मिळाली आहे, मी दहा मिनिटं थांबवून धरेन, त्यापुढे मला थांबता येणार नाही." पोरीचा आवाज हमीदला असा लागला की तो बाहेर येऊन ओट्यावर नुसता बसून राहिला.

बापानं सहा महिने तिचा फोन घेतला नव्हता. तिनं आधी ठरवलं आणि मग कळवलं, एवढाच राग. पण तो सहा महिन्यांत मुरून मुरून असा घट्ट झाला होता की त्यात चमचा शिरेना. बायको बिचारी आठ दिवस आधी निघून गेली, वीस किलो पापड घेऊन. विमानतळावरचा वास घेणारा कुत्रा त्या पेटीशी बसला तो उठेचना. शेवटी दोन पोलिसांनी उचलून नेला आणि त्यानं जाताना पेटीकडे वळून बघितलं, असं ती सांगते.

हा म्हणाला, "मी येतो. पण लग्नाला नाही. किल्ले बघायला."

"ये बाबा, किल्ले बघायला ये," आम्ही म्हणालो.

"आणि आधी लिस्बन. रेवदंडा, कोर्लई, चौल; हे पोर्तुगीज दोनशे वर्षं आमच्या अंगणात बसले होते. त्यांचं घर तरी बघू दे."

"अरे, लग्न पार त्या टोकाला आहे," हमीद म्हणाला. "मध्ये अख्खा देश आहे."

"असू दे. देशही बघू."

म्हणजे बेत आमच्या लक्षात आला होता. सरळ नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून वाटच लांब करायची.

बुधवारी आम्ही एवोराला पोहोचलो. पांढरी घरं, घरांना खाली पिवळा पट्टा, गावाच्या मधोमध रोमन लोकांचे खांब उभे आणि एका चर्चमध्ये भिंतीच्या भिंती माणसांच्या हाडांनी लिंपलेल्या. गजानं मूर्तिकाराच्या नजरेनं सगळी भिंत बघितली आणि म्हणाला, "काम चोख आहे, पण माल अपशकुनी." ते बघून बाहेर आलो आणि यानं खिसे चाचपले. पासपोर्ट गेला!

चौकीत गेलो. तिथला फौजदार भला माणूस. त्याचे आजोबा म्हणे गोव्याला होते. त्यानं आम्हाला बसवलं, कॉफी दिली, बदामाची मिठाई दिली, कागद भरायला घेतले. बापाचं नाव, आईचं नाव, आजोबांचं नाव. दुपार गेली. हा खुशीत. म्हणाला, "नवीन पासपोर्टला किती दिवस लागतील, विचार." फौजदार म्हणाला, दहा. याच्या तोंडावर असं समाधान पसरलं, जसं काही नातू झाला.

तेवढ्यात हमीदनं मिठाईला उत्तर म्हणून आमच्या पिशवीतला लोणच्याचा डबा काढला आणि फौजदारापुढे उघडा केला. त्यानं बोट घातलं. बोटाला लोणचं लागलं आणि त्यामागोमाग भारत सरकारचं तीन सिंहांचं चित्र वर आलं.

"लोणच्यात?" आवटीबाई म्हणाल्या.

"प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, नीट गाठ मारून," मी म्हणालो. "मूर्ख नव्हता तो."

"नव्हतोच," गजा म्हणाला.

फौजदारानं पासपोर्ट पुसला, फोटोकडे बघितलं, माणसाकडे बघितलं आणि हमीदला विचारलं, "हे कोणापासून पळतायत?" हमीद म्हणाला, "मुलीच्या लग्नापासून." फौजदार उठला, त्यानं आपली गाडी काढली आणि भोंगा वाजवत आम्हाला थेट गावाच्या वेशीबाहेर सोडलं. त्याला तीन मुली होत्या.

गुरुवारी सरहद्द ओलांडली. सरहद्द म्हणजे काय, एक निळी पाटी. मेरिदा नावाच्या गावी रोमन लोकांच्या कालव्याचे मोठमोठे खांब अजून उभे आहेत आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर बगळ्याहून मोठा एकेक पक्षी घरटं करून बसलेला. करकोचेच ते, पण आपल्याकडच्या दुप्पट. हा डोक्यावर पांढरी टोपी घालून खाली उभा राहिला आणि वर बघून त्यांना नावं ठेवायला लागला. "यांनाही उंचावरच घर लागतं. खाली जागा नाही?" त्यातला एक सावकाश उतरला. अगदी रिक्षा थांबावी तसा याच्यासमोर थांबला, टोपी चोचीत घेतली आणि वर गेला. टोपी घरट्यात अंथरली आणि त्याची बायको तीवर बसली.

"हे मात्र खोटं," बाई म्हणाल्या.

"हे खरं आहे," गजा म्हणाला. "टोपी माझीच होती."

टोपीसाठी हा तीन तास खांबाखाली बसून राहिला. आम्हाला वाटलं टोपीच्या दुःखानं. हमीद मात्र घड्याळाकडे बघून म्हणाला, "नारू, हा तीन तास खातोय." आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्याला गाडीत टाकला.

शुक्रवार. टोलेडो. बाई, तुम्ही टोलेडो बघितलं? मग तुम्हाला माहीत आहे. डोंगरावर शहर, तीन बाजूंनी नदी आणि आत गल्ल्या अशा की समोरासमोरच्या दोन खिडक्यांतल्या बायका एकमेकींच्या डाळीत मीठ घालतील. आम्ही गाडी बाहेर ठेवून पायी जायचं ठरवलं होतं. हा म्हणाला, "मला पायाला गोळा आलाय, गाडी आतच घ्या." हमीदनं घेतली. एका वळणावर गल्ली निमुळती झाली. हमीद थांबला. हा म्हणाला, "थांब, मी उतरून बघतो." आम्ही दोघं उतरलो, हा पुढे गेला, हात हलवायला लागला. येऊ दे, येऊ दे, येऊ दे, डावीकडे कापून, येऊ दे. मग टपावर दोन थापा मारल्या. डबल बेल. हमीदनं गाडी सोडली आणि गाडी दोन्ही भिंतींत बुचासारखी बसली.

आवटीबाईंनी चिवड्यातला शेंगदाणा बाजूला काढला. "मूर्तिकार डबल बेल देतो?"

मी जरा थांबलो. "आमच्या संगतीत राहून शिकला."

"शिकलो," गजा म्हणाला. "यांनी फार शिकवलं मला."

दारं उघडेनात. हमीद आत, स्टिअरिंगच्या मागे, काचेतून शिव्या देत होता आणि स्पॅनिशमधल्या असल्यामुळे सगळ्या गल्लीला कळत होत्या. खिडक्या उघडल्या. वरच्या मजल्यावरून एका आजीनं काहीतरी विचारलं. हमीद म्हणाला, लग्नाला चाललोय, रविवारी बारा वाजता, पार तारागोनाच्या पलीकडे. एवढं ऐकलं मात्र! लग्न म्हटल्यावर त्या लोकांना काय होतं कोण जाणे. आजी आत गेली आणि ऑलिव्हच्या तेलाचा पाच लिटरचा डबा घेऊन आली. वरून धार सोडली, डाव्या भिंतीवर. समोरच्या घरातून दुसरा डबा आला, उजव्या भिंतीवर. पावाच्या दुकानातला माणूस हातानं दारांना तेल चोळायला लागला, बाळाला न्हाऊ घालतात तसं. दोन नन आल्या, एक पोस्टमन आला, शाळेतल्या मास्तरीणबाई आल्या. मागून एकोणीस माणसं लागली. मी मोजली.

"आणि हे काय करत होते?" बाईंनी गजाकडे बोट केलं.

"हा म्हणत होता, उगाच कशाला त्रास, उद्या बघू."

एकोणीस जणांनी दम धरला आणि ढकललं. सुरुवातीला काही नाही. मग गाडीनं एक आवाज केला, म्हशीनं चिखलातून पाय काढावा तसा, आणि सुटली. साबणाची वडी सुटते तशी सुटली! उतारावरून, दोन पायऱ्यांवरून, एका कमानीखालून थेट चौकात, हॉटेलच्या टेबलांच्या मध्ये. एका म्हाताऱ्याचं टेबल गेलं. त्यानं हातातला कप गाडीच्या बॉनेटवर ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि पेपर वाचत राहिला. मागाहून आम्ही धावत पोहोचलो तेव्हा त्यानं फक्त विचारलं, "लग्न कोणाचं?"

आजीला आम्ही तेलाचे पैसे द्यायला गेलो तर तिनं हात झटकले आणि याच्याकडे बघून काहीतरी बोलली. हमीदनं सांगितलं, "ती विचारते, मुलीचा बाप कोण?" गल्लीतली सगळी माणसं वळली. तेलानं माखलेली, घामेजलेली, हसरी. पोस्टमननं टोपी काढली.

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग काय. गजा पुढे झाला. सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. सदरा तेलानं असा झाला की शनिवारभर तो सीटवरून घसरत होता."

शनिवारी दुपारी कुएन्का. तिथे घरं दरीच्या कडेवरून बाहेर लटकलेली आहेत, खालून आधार नाही असं वाटतं. दरीवर एक लोखंडी पूल आहे, फक्त माणसांसाठी, पायाखालच्या फळ्यांमधून तळ दिसतो. चहा घेऊन वळलो तर हा नाही. हॉटेलात नाही, गाडीत नाही. हमीद एका बाजूला गेला, मी दुसऱ्या. तासाभरानं सापडला. पुलाच्या मधोमध, कठड्याला दोन्ही हात लावून उभा. संध्याकाळचे सात वाजले होते, पण ऊन आपल्याकडच्या चार वाजल्यासारखं.

हमीद त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "चल."

"नाही जमणार हमीद."

"पोरगा वाईट आहे का?"

"पोराला मी बघितलंय कुठे?"

"मग धर्माचं, जातीचं काही आहे का? असेल तर मला सांग, मी इथूनच खाली उडी मारतो. पन्नास वर्षं तुझ्या घरी जेवलोय."

"गप रे."

"मग?"

तो फळ्यांमधून खाली बघायला लागला. खाली दरीत कोणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी रागानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी राग नव्हता, पण काल ठेवला म्हणून आज कसा उचलू असं झालं. मग आठवडा झाला. मग महिना. दर रविवारी सकाळी फोन वाजायचा, मी समोर बसून तो मोजायचो. अकरा वेळा वाजून बंद व्हायचा. आता सहा महिन्यांनी कुठल्या तोंडानं जाऊन उभा राहू? ती विचारेल, बाबा, का नाही उचलला? काय सांगू? कारणच नाही माझ्याकडे."

मी गोष्ट सांगता सांगता थांबलो. विमानतळावर कसली तरी घोषणा झाली, आमची नव्हती.

"तुम्ही तर दुसऱ्या बाजूला शोधत होतात," आवटीबाई म्हणाल्या.

"तेवढ्यात मी तिथं पोहोचलो होतो," मी म्हणालो. "मागेच उभा होतो."

"हो, अगदी जवळच उभा होता," गजा म्हणाला. "मला आठवतंय."

रविवारी पहाटे निघून आम्ही डोंगरातल्या रस्त्यानं व्हाल्डोराला पोहोचलो. लहानसं गाव. मधे दगडी चौक, एका बाजूला टाऊन हॉल, एका बाजूला चर्च. बाराला पंधरा मिनिटं कमी होती. हमीद गाडीच्या टपावर डोकं टेकून म्हणाला, "या अल्ला, वेळेत आलो."

आणि हा उतरेना. दार आतून लावून घेतलं, दोन्ही हातांनी पट्टा धरला. आम्ही विनवण्या केल्या, धमक्या दिल्या. हमीद म्हणाला, मी चाललो आत, तुझ्या वाट्याचं मी उभा राहतो. तो गेला. बारा वाजले. बारा दहा झाले. घंटा झाली. गजा गाडीतच.

आतून टाळ्यांचा आवाज आला. लग्न लागलं, बाई. मुलीच्या मागची खुर्ची रिकामी ठेवून लागलं.

गजानं चिवडा खाणं थांबवलं होतं.

आता इथून पुढे नीट ऐका, कारण इथून पुढचं खरोखरच कोणाला पटत नाही. तो गाडीत बसलेला असताना सनई वाजायला लागली. सनईच! त्या लोकांचं एक वाद्य आहे, लाकडी, तोंडाशी पत्ती लावलेलं, आवाज थेट सनईचा, आणि जोडीला ढोलकं. भर स्पेनमध्ये सनई-चौघडा ऐकून याचा हात दारावर गेला. खाली उतरला. चौकात बघतो तर पांढऱ्या पँटी, लाल सदरे आणि कमरेला काळे लांबच लांब पट्टे गुंडाळलेली शंभर-दीडशे माणसं, आणि त्यांनी खालचा थर लावायला घेतलेला.

"दहीहंडीचा?" बाई म्हणाल्या.

"हुबेहूब! फक्त हंडी नाही. त्या भागात शेकडो वर्षांची चाल आहे ती, माणसांवर माणसं चढवून मनोरे करायची. गावागावाचे संघ आहेत. जावई त्या गावच्या संघातला. आणि संघातल्या कोणाचं लग्न असलं की चौकात त्याच्या नावानं मनोरा लावतात. एकावर एक, एकच माणूस, असा खांब. चार थर. सगळ्यात खाली, सगळ्यांचा भार घेऊन, स्वतः नवरदेव उभा."

आता आमचा गजा कोण? पेणच्या गोविंदा पथकात वीस वर्षं खालच्या थराला खांदा दिलेला माणूस. पाच-सहा थरांखाली उभं राहून ज्याचे गुडघे कधी हलले नाहीत. तो तोंड उघडं ठेवून बघत राहिला. नवरदेवाच्या खांद्यावर दुसरा चढला. दुसऱ्याच्या खांद्यावर तिसरा. खालचे सगळे एकमेकांना चिकटून, हात वर करून, सदऱ्याची कॉलर दातांत धरून उभे. आणि मग चौथा चढायला आला, त्या लोकांच्या पाठींवर पाय देत, कमरपट्ट्यांना धरून. चौथा नव्हताच तो. काष्टा मारलेलं हिरवं लुगडं, त्यावर काळा पट्टा. वृषाली.

दीड वर्ष सराव केला होता म्हणे तिनं. आईला ठाऊक होतं. बापाला कसं ठाऊक असणार?

ती तिसऱ्याच्या खांद्यावर पोहोचली आणि ह्याची नजर खाली गेली. सवयीनं गेली. खालच्या थरातल्या माणसाची नजर वर जात नाही, गुडघ्यांवर जाते. नवरदेवाचा उजवा गुडघा थरथरत होता. थोडासाच. बघणाऱ्या हजार लोकांत तो एकालाच दिसला.

हा धावला. चौकातली माणसं बाजूला सारत, कोणाच्या पायावर पाय देत, कोपरं मारत, "सरका, सरका" म्हणत तो त्या गर्दीत शिरला तो सरळ मध्यापर्यंत. नवरदेवाच्या छातीला छाती लावली, खांदा त्याच्या काखेत घातला आणि पाय रोवले. आयुष्यात पहिल्यांदा दोघं एकमेकांना भेटत होते आणि तोंडं इतकी जवळ की बघता येत नव्हतं. आत अंधार. घामाचा वास, ओल्या कापडाचा वास, सगळ्यांचा एकच श्वास. त्या पोराच्या गळ्यातली शीर अशी उडत होती. गुडघा थांबला.

वर काय चाललंय ते आत दिसत नाही. फक्त सनई ऐकू येते. सनईची चाल बदलली आणि चौकातनं एकच आरोळी उठली, म्हणजे पोरीनं वर पोहोचून हात उंचावला होता.

आणि इथे बाई, त्यानं ती चूक केली. आमच्याकडे काय होतं? हंडी फुटली की काम झालं. थर सुटतो, वरचा कोसळतो आणि खालच्यांनी हात पसरून त्याला झेलायचं. वीस वर्षं त्यानं तेच केलेलं. आरोळी ऐकली आणि अंगानं आपोआप ठरवलं, झालं, आता झेलायचं. त्यानं नवरदेवाला सोडलं, वळला, दोन्ही हात वर पसरले आणि ओरडला, "सोड गं पोरी, ये!"

पण त्या लोकांत हात उंचावणं म्हणजे अर्धंच काम. जसे चढले तसेच एकेक थर उतरायचं, तेव्हा मनोरा पुरा. सगळा भार अजून त्या पोराच्या खांद्यावर होता आणि याचा आधार गेला. खांब हलला. चौक गप्प झाला. सनई वाजवणाऱ्याचाही सूर एकदा चिरकला.

त्या पोरानं दातातली कॉलर सोडली. तोंड कानाशीच होतं. अगदी हळू, धाप लागलेली, पण शुद्ध मराठीत म्हणाला, "बाबा, सोडू नका. अजून नाही."

मराठीत! दीड वर्ष ती मनोरा शिकत होती तेव्हा तो हे शिकत होता.

तो परत वळला. खांदा घातला. आता असा घातला की डोंगर आला असता तरी हलला नसता. डोळ्यांतून पाणी चाललेलं, ते पुसायला हात मोकळा नाही, आणि ते त्या पोराच्या सदऱ्यात जिरत होतं. वरून एकेक थर उतरायला लागला. पाठींवरून घसरत, पट्ट्यांना धरत. आधी तीच उतरली. खाली बघत नव्हती, पायानं जागा शोधत होती. पाय टेकला तो इथे, खांद्याच्या हाडावर. बोटात जोडवं, नवं कोरं, ते असं रुतलं की महिनाभर वळ होता. दुसरा पाय टाकायच्या आधी ती थांबली. पायाखालचा खांदा तिनं ओळखला असावा. लहानपणी त्याच खांद्यावर उभी राहून तिनं हंडी बघितली होती. तिनं सगळा भार टाकला. आणि वरून एवढंच म्हणाली, "आलात?"

मी थांबलो. इथे मी नेहमी थांबतो. ऐकणारे इथे टाळ्या वाजवतात किंवा हसतात. एकदा दादरच्या एका डॉक्टरनं कपाळाला हात लावून नमस्कार केला होता.

आवटीबाईंनी यातलं काहीच केलं नाही. डब्याचं झाकण लावलं. चष्मा वर सरकवला. माझा उजवा हात अजून माझ्या स्वतःच्या खांद्यावर होता, हाडावर, आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"म्हात्रे," त्या गजाला म्हणाल्या, "तुम्हाला मुलं किती?"

"दोन," गजा म्हणाला.

"मुलगी कितवी?"

"दोन्ही मुलगेच," गजा म्हणाला. अठरा वर्षं तो माझ्यासाठी हट्टी, भित्रा आणि रडका झालेला आहे, कधी एका शब्दानं नाही म्हणाला नाही. पण त्याला गणिताच्या बाईंनी कधी विचारलं नव्हतं.

"ठाकूर," बाई माझ्याकडे वळल्या. आवाज शाळेतलाच असणार, कारण मागच्या बाकावरचे दोघं झोपेतून सरळ बसले. "शंभर माणसांच्या आत, कानात सांगितलेलं बाहेरच्याला ऐकू येत नाही. तो मुलगा 'बाबा' तुम्हाला म्हणाला."